कात्री गेली, नोंद आली

गाडगेमहाराजांची समाधी ज्या अमरावतीत आहे, तेथील श्रोत्यांना 'देवकीनंदन गोपाला' हा चित्रपट नव्याने सांगावयास नको. साल १९७७, महाराजांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू, दिग्दर्शक राजदत्त हे तर मूळचे आपल्याच जिल्ह्यातले. त्या काळी चित्रपटाचे संकलन म्हणजे अक्षरशः कापाकापी असे. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे सरकत. मिनिटाला ९० फूट फीत खपे. संकलक आधी कामापुरत्या प्रतीवर कात्री चालवी, तुकडे जोडी, पाही, पुन्हा सोडवी. मनाजोगते जमले म्हणजे त्याबरहुकूम मूळ निगेटिव्ह कापली जाई. येथे मात्र माघार नव्हती. सांधा घालताना कडेचे चित्र वाया जाई ते जाईच.

१९८० नंतर व्हिडिओ आला आणि अकोल्या-अमरावतीच्या लग्नमंडपांत शिरला. कात्री सुटली, पण निराळेच दुखणे जडले. एका यंत्रातून दुसऱ्यात चित्र उतरवीत जावयाचे. मधले एखादे दृश्य राहिले, तर तेथून पुढचे सारे पुन्हा उतरविणे आले. शिवाय नकलेगणिक चित्र फिके होई. तिसऱ्या प्रतीत नवरदेव कोणता हे मुंडावळ्यांवरूनच ओळखावे लागे!

१९८९ मध्ये अमेरिकेत ॲव्हिड कंपनीचे संगणकीय संकलनयंत्र पुढे आले. त्यातील युक्ती आम्हांस आपल्या सातबाऱ्यासारखी वाटते. वाटणी होते ती कागदावर. जमीन जागची हलत नाही. चित्राचा प्रत्येक ठिपका अंकांत नोंदलेला असतो आणि संगणक केवळ यादी ठेवतो: अमुक चित्रणाचे अमुक चित्रापासून तमुकपर्यंत, मग दुसरे. दृश्य मागे-पुढे करणे म्हणजे यादीतील ओळ हलविणे. मूळ चित्रण शाबूत राहते आणि अंकांची नक्कल अस्सलाइतकीच अस्सल निघते. वेळ वाचतो, पैसा वाचतो, हे लाभ सर्वच सांगतात. आमच्या मते मूळ शाबूत राहणे हाच खरा लाभ.

तो पदरात पडतो का, हा प्रश्न मात्र उरतोच. दादासाहेब फाळक्यांचा १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' आज संपूर्ण उपलब्ध नाही. जुनी रिळे जपण्यासाठी पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, तोवर बरेच हातचे गेले होते. निगेटिव्हचा डबा निदान फडताळात पडून तरी राही. आता दहा मिनिटांची फिल्म तयार झाली, की दहा तासांचे मूळ चित्रण कार्ड रिकामे करण्यासाठी पुसले जाते. गेल्या यात्रेचे मूळ चित्रण मागावयास जावे, तर त्याच कार्डावर यंदाची यात्रा असते.