आयर्लंडमधील विवाहसमतेची लोकचळवळ : १९८३ ते २०१५

२२ मे २०१५ रोजी आयर्लंडच्या प्रजासत्ताकात झालेल्या सार्वमतात समलिंगी विवाहाच्या घटनात्मक मान्यतेस १२,०१,६०७ मतदारांनी अनुकूल, तर ७,३४,३०० मतदारांनी प्रतिकूल कौल दिला. अशा विवाहास कायद्याने प्रथम मान्यता नेदरलँड्सने २००१ साली दिली होती. परंतु राष्ट्रव्यापी जनमताने ती देणारे पहिले राष्ट्र आयर्लंड होय. पुरुषांमधील समलिंगी संबंध तेथे १९९३ पर्यंत गुन्हा होता. बावीस वर्षांत एवढे परिवर्तन कसे घडले? धर्मसंस्थेची खालावलेली प्रतिष्ठा आणि तरुण पिढीचा उत्साह ही त्याची दोन कारणे सामान्यतः सांगितली जातात. ती चुकीची नव्हेत, परंतु अपुरी आहेत. चळवळीला मतदारांच्या दारापर्यंत जाणे भाग पडले ते आयरिश घटनेमुळे. आणि चळवळीचे यश व तिला पडलेला भुर्दंड या दोहोंचे मूळ तेथेच आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१९३७ च्या आयरिश घटनेतील ४१ वे कलम विवाहसंस्थेच्या रक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकते, आणि घटनेत कोणतीही दुरुस्ती करावयाची तर सार्वमत अनिवार्य असते. या मार्गातील धोका पूर्वीच दिसून आला होता. घटस्फोटावरील बंदी उठविण्याचा प्रस्ताव १९८६ साली मतदारांनी फेटाळला; १९९५ साली तो अवघ्या ९,११४ मतांच्या अधिक्याने संमत झाला. केवळ न्यायाचा युक्तिवाद पुरेसा ठरत नाही, हा धडा कार्यकर्त्यांनी यावरून घेतला.

चळवळीची पाळेमुळे मात्र विवाहाच्या प्रश्नाहून जुनी आहेत. १९८२ साली डब्लिनमधील फेअरव्ह्यू उद्यानात एका समलिंगी तरुणाची हत्या झाली. १९८३ साली आरोपींना केवळ निलंबित शिक्षा झाल्या, तेव्हा त्या उद्यानापर्यंत निषेधाचा मोर्चा निघाला. त्याच वर्षी डेव्हिड नॉरिस यांचा दावा आयरिश सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केला. १९८८ साली स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात ते विजयी झाले, आणि त्यानंतर पाच वर्षांनी कायदा बदलला. पुढे कॅथरिन झॅपोन आणि अ‍ॅन लुईझ गिलिगन यांनी कॅनडात २००३ साली झालेल्या आपल्या विवाहास मान्यता मागितली. २००६ साली उच्च न्यायालयाने ती नाकारली. हा पराभव निष्फळ ठरला नाही. त्याच प्रयत्नातून २००८ साली ‘मॅरेज इक्वॅलिटी’ ही संघटना उभी राहिली.

याच सुमारास चळवळीत एक गंभीर मतभेद उद्‌भवला. ‘ग्लेन’ ही जुनी संघटना नागरी सहजीवनाचा कायदा ही पहिली पायरी मानीत होती. इतरांना ते दुय्यम नागरिकत्व वाटत होते. २०१० चा तो कायदा १ जानेवारी २०११ पासून अमलात आला. त्यात मुलांच्या संबंधात समाधानकारक तरतूद नव्हती, हा आक्षेप रास्तच होता. तथापि या कायद्यामुळे अशा जोडप्यांचे नोंदणीसमारंभ गावोगावी होऊ लागले आणि नातलगांनी ते डोळ्यांनी पाहिले. एका पक्षाने वाट सुकर केली, दुसऱ्याने गन्तव्य दृष्टिआड होऊ दिले नाही. उत्तरकाळातून पाहता दोघांचेही कार्य परस्परपूरक ठरले.

२०१३ च्या एप्रिलमध्ये घटना-परिषदेने विवाहसमतेच्या बाजूने ७९ टक्के मत दिले. या परिषदेत ६६ सामान्य नागरिक, ३३ लोकप्रतिनिधी व एक अध्यक्ष होते. त्यानंतर सार्वमतासाठी ‘ग्लेन’, ‘मॅरेज इक्वॅलिटी’ व नागरी स्वातंत्र्य परिषद यांनी ‘येस इक्वॅलिटी’ या नावाने एकत्र मोहीम उभारली. विरोधकांच्या फलकांवर मुलांच्या आई-बापांचा प्रश्न ठळक होता. स्वयंसेवकांनी त्यास तत्त्वचर्चेने उत्तर देण्यापेक्षा दारोदार जाऊन आपली, आपल्या मुलाची वा बहिणीची हकीकत सांगण्यावर भर दिला. ‘हक्क’ या अमूर्त कल्पनेची जागा ओळखीच्या माणसाने घेतली. तत्कालीन आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी जानेवारी २०१५ मध्ये आकाशवाणीवरील मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचे सांगितले, त्याचा परिणामही याच जातीचा होता. (त्यांच्या पित्याचे घराणे मालवण तालुक्यातील वराड गावचे, वराडकर पुढे २०१७ साली पंतप्रधान झाले.) मतदानासाठी परदेशस्थ आयरिश तरुण विमाने व जहाजे भरून मायदेशी परतले. ४३ मतदारसंघांपैकी केवळ रॉसकॉमन-दक्षिण लीट्रिम या एकाने नकार दिला. ग्रामीण भागही अनुकूल राहिला, यावरून ही केवळ राजधानीतील सुशिक्षितांची चळवळ होती हे मत टिकत नाही.

परंतु या यशाचे मूल्यमापन करताना एक गोष्ट नजरेआड करता कामा नये. इतर नागरिकांना जो अधिकार जन्मतःच लाभला होता, तो मिळविण्यासाठी काही नागरिकांना अनोळखी दारी उभे राहून आपले खासगी जीवन परक्याच्या पसंतीस सादर करावे लागले. दार तोंडावर आपटले गेल्यास ते दुःखही त्यांनीच सोसले. अल्पसंख्यांचे हक्क बहुसंख्यांच्या मतावर अवलंबून असावेत काय, हा प्रश्न विजयाने सुटत नाही. तो केवळ झाकला जातो. लोकमताने दिलेल्या मान्यतेस न्यायालयीन निर्णयाहून अधिक सामाजिक अधिष्ठान लाभते, हे आयर्लंडने दाखविले. त्या अधिष्ठानाची किंमत कोणी मोजली, याची नोंद करणे हे इतिहासकाराचे कर्तव्य होय.