फुकट टीव्ही आणि स्टॅबिलायझरचा डबा

तंजावर म्हटलं की आपल्याला व्यंकोजीराजे आणि सरस्वती महाल आठवतो. आज मात्र राजवाड्याबाहेर, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या गावांत जाऊ. विषय आहे घरातल्या उपकरणांना विजेपासून वाचवण्याचा.

गोष्ट पाण्यापासून सुरू होते. १९३४ साली मेट्टूर धरण झालं. तिथून १२ जूनला पाणी सोडायचा प्रघात आहे. कावेरीला पाणी उशिरा आलं की कुरुवै भाताची मदार बोअरवेलवर. १९८४ साली लहान शेतकऱ्यांना आणि १९९० च्या सुमारास सगळ्याच शेतकऱ्यांना पंपाची वीज मोफत झाली. पीक वाचलं, पण एकाच ट्रान्सफॉर्मरवर पंप वाढले की तारेच्या शेवटच्या टोकाच्या घरात २३० व्होल्ट कुठून पोचणार?

व्होल्टेज पडलं की बल्ब फक्त मंद होतो. फ्रिजची मोटर मात्र अडकते, जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. स्टॅबिलायझर इथे कामाला येतो. आतला ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वर-खाली करून घेतो.

आता पुढचा टप्पा बघा. २००६ नंतर तमिळनाडू सरकारने घरोघरी मोफत रंगीत टीव्ही वाटले. २०११ नंतर मिक्सर, ग्राइंडर आणि पंखे आले. उपकरणं आली, वीज मात्र गेली! २०१२ साली चेन्नईत दोन तास भारनियमन होतं, तर जिल्ह्यांत त्याच्या कितीतरी पट. टीव्ही फुकट मिळाला, पण तो जळला तर दुरुस्ती स्वतःच्या खिशातून. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं ग्रिड राष्ट्रीय ग्रिडला जोडलं गेलं आणि बाहेरून वीज आणायची वाट रुंद झाली.

मग १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे गाजा वादळ वेदारण्यमजवळ धडकलं. पट्टुकोट्टै, पेरावूरणी भागातल्या नारळाच्या बागा झोपल्या. वादळात सगळे मिळून लाखाहून जास्त विजेचे खांब पडले.

अशा वेळी खरा धोका असतो तुटलेल्या न्यूट्रलचा. न्यूट्रल सुटला, की २३० च्या जागी घरात ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. इथे साधा स्टॅबिलायझर पुरत नाही. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की पुरवठाच तोडणारं यंत्र लागतं.

म्हणजे दुखणी तीन, औषधंही तीन. दाब कमी असेल तर स्टॅबिलायझर, वीजच नसेल तर इन्व्हर्टर, दाब अचानक चढत असेल तर पुरवठा तोडणारं संरक्षण. एकाचं काम दुसरा करत नाही.

आणि बिनपैशाचा उपाय? वादळ येताना प्लग काढा. वीज परतल्यावर आधी एक दिवा लावून बघा. तो नेहमीसारखा, स्थिर जळला तरच टीव्ही लावा, आणि फ्रिज आणखी पाच मिनिटांनी. तुमचं गाव मराठवाड्यात असो की तंजावरात, तारेच्या टोकाला घर असेल तर ही गोष्ट तुमचीही आहे.