दुगाडचे धुके आणि कोरेगावचा स्तंभ

रणभूमीचा अभ्यास करणाऱ्याने दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात : लढाई जेथे झाली ती भूमी, आणि तिचे स्मरण जेथे केले जाते ते स्थळ. कोरेगावला ही दोन्ही नदीच्या दोन तीरांवर आहेत. जयस्तंभ भीमेच्या अलीकडे, पेरणे गावच्या हद्दीत उभा आहे. लढाई झाली ती पूल ओलांडल्यावर लागणाऱ्या कोरेगावात. 1 जानेवारीस मानवंदना देऊन परतणाऱ्या असंख्य बांधवांनी प्रत्यक्ष रणभूमी पाहिलेलीच नसते. भिवंडीकरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. त्यांच्याच तालुक्यात, कोरेगावच्या 37 वर्षे आधी, त्याच मुंबई फौजेने पेशव्यांच्या सैन्याशी दिलेल्या लढाईची भूमी आहे. तिचे नाव दुगाड.

भिवंडीच्या उत्तरेस, वज्रेश्वरीच्या वाटेवर, गुमतारा किल्ल्याच्या पायथ्याशी हे गाव वसले आहे. पश्चिमेस तुंगारेश्वराची डोंगररांग, तिच्यापलीकडे वसई व सोपारा. 1780 च्या नोव्हेंबरात जनरल गोडार्डने वसईस वेढा घातला. वेढ्याच्या पाठीवर घाटावरून येणारे मराठा सैन्य कोसळू नये म्हणून कर्नल हार्टले सुमारे दोन हजार लोकांनिशी मधल्या मुलखात होता. वसई सोडवण्यास निघालेल्या रामचंद्र गणेश यांचे सैन्य वीस हजारांहून अधिक होते. 11 डिसेंबरला वसई पडली. तरीही दुगाडचा संग्राम थांबला नाही.

या लढाईचा निर्णय भूमीने आणि हवेने केला. हार्टलेच्या तळाच्या बाजूस उंचवटे होते. 12 डिसेंबरच्या पहाटे दाट धुक्याचा आडोसा घेऊन ते काबीज करावेत, असा रामचंद्र गणेशांचा बेत होता. हार्टलेने तो ओळखून रात्रीतच तेथे आडभिंत रचून तोफा चढवल्या. हल्ला जवळ आला आणि धुके एकाएकी विरले. तोफांच्या माऱ्यात रामचंद्र गणेश पडले, त्यांच्या तोफखान्याचा पोर्तुगीज अधिकारी नोरोन्हा जखमी झाला आणि सैन्य मागे हटले. रामचंद्र गणेश आघाडीवर राहून लढले, हे शत्रुपक्षाच्या इतिहासकारानेही मान्य केले आहे. आपणही ते मान्य करण्यास संकोचू नये.

1826 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या ग्रंथात या लढाईतील सेनापतींची व अधिकाऱ्यांची नावे आहेत. शिपाई मात्र केवळ संख्येने येतात. मुंबई फौजेत त्या काळी कोकणातील महारांची भरती होत असे; कंपनीचे अधिकारी त्यांना ‘परवारी’ म्हणत. दुगाडच्या आडभिंती ज्या हातांनी एका रात्रीत रचल्या, त्यांच्यासाठी कंपनीने नावे कोरलेला स्तंभ उभारला नाही.

कोरेगावला तो उभारला गेला. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरहून पुण्याच्या मदतीस निघाला. बरोबर दुसऱ्या पलटणीचे सुमारे पाचशे पायदळ, अडीचशेच्या आसपास घोडेस्वार आणि दोन तोफा. सकाळी दहाच्या सुमारास भीमेपलीकडे पेशव्यांचे अफाट सैन्य दिसताच त्याने अलीकडचे कोरेगाव गाठले. मातीच्या भिंती, अरुंद गल्ल्या आणि नदीकाठ यांमुळे तेथे घोडदळाचा उपयोग उरला नाही. प्रत्यक्ष हल्ला चढवला तो सुमारे सहाशेंच्या तीन तुकड्यांनी. त्यांत अरब व गोसावी होते. म्हणून ‘पाचशेंनी अठ्ठावीस हजार कापले’ हे व्यासपीठावरील वाक्य आम्हांला रुचत नाही. रात्रभर चालून आलेले शिपाई दिवसभर पाण्यावाचून, समोर नदी वाहत असता, गल्लीगल्लीतून रात्री नऊपर्यंत झुंजले, त्यांचे पावणेतीनशे लोक मेले, जखमी वा बेपत्ता झाले आणि तरीही गाव त्यांनी सोडले नाही. एवढे सत्य पुरेसे तेजस्वी आहे. त्यावर संख्येचे कलम केले की विरोधकास खोडून काढण्याजोगे काहीतरी हाती मिळते.

26 मार्च 1821 रोजी स्तंभाची पायाभरणी झाली ती अर्थातच कंपनीच्या गौरवार्थ. त्यावरील मृतांच्या 49 नावांत 22 नावे ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात. उरलेली इतर समाजांतील शिपायांची आहेत. स्तंभावर जात लिहिलेली नाही. ती वाचली गेली नावांच्या शेवटावरून, आणि ती वाचणारे पुढे जन्मले. 1892 च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. तिच्याविरुद्ध अर्ज करणाऱ्या शिवराम जानबा कांबळे यांनी या स्तंभापाशी सभा भरवल्या. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे आले. साम्राज्याने स्वतःसाठी कोरलेली यादी बहिष्कृतांच्या हाती मानवी हक्काचा पुरावा ठरली. 1 जानेवारी 2018 रोजी, द्विशताब्दीच्या दिवशी त्या परिसरात हिंसाचार होऊन एकाचा बळी गेला. यादीचे वाचन अजूनही कोणाला खुपते, हे त्यावरून कळावे.

जेत्याने रणभूमीवर काय लिहावे, याचा एक वेगळा आदर्श आपल्यापुढे आहे. कलिंगयुद्धात एक लाख मारले गेले, दीड लाख परागंदा केले गेले, असे सम्राट अशोकाने तेराव्या शिलालेखात स्वतः सांगून पश्चात्ताप व्यक्त केला. मात्र कलिंगातच, धौली व जौगड येथे, हा लेख कोरलेला नाही; त्याऐवजी प्रजेशी न्यायाने वागण्याविषयी अधिकाऱ्यांना दिलेल्या आज्ञा आहेत. जिंकलेल्या लोकांच्या दारात विजय, मग तो पश्चात्तापाच्या रूपात का असेना, वाचून दाखवणे त्याने टाळले असावे, असे आम्हांस वाटते.

दुगाडच्या डोंगरापलीकडे सोपाऱ्यास 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींना सापडलेला तुकडा आठव्या लेखाचा आहे. त्याचा विषय यात्रा हाच होय. पूर्वीचे राजे विहारयात्रेस जात (येथे विहार म्हणजे भिक्षुनिवास नव्हे, मृगयादी करमणूक). अशोक राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीस गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. तीत श्रमण-ब्राह्मणांचे व वृद्धांचे दर्शन, दान, आणि जनपदातील लोकांना भेटून धम्मचर्चा यांचा समावेश आहे. स्थळाइतकेच तेथील माणसांना भेटणे यात्रेचे अंग मानले गेले, हे लक्षणीय आहे. पेरण्याहून पूल ओलांडून कोरेगावात जावे, तेथील वृद्धांशी बोलावे, गावाची आणि नदीची ठेवण पाहावी, ही आमची सूचना त्याच अर्थाने आहे.

दुगाड तर भिवंडीहून एका सकाळीत जाऊन येण्याजोगे. तेथे हार घालण्यास शिळा नाही, वाचण्यास नावे नाहीत. 12 डिसेंबरच्या सुमारास गेल्यास पहाट धुक्याची असण्याचा संभव आहे. आजूबाजूचे उंचवटे नीट ओळखायचे तर ऊन वर येईपर्यंत थांबावे.