फोर्ड मस्टँगच्या पहिल्या पिढीतील सस्पेन्शन व चासी सुधारणा

फोर्ड मस्टँगच्या पहिल्या पिढीतील सस्पेन्शन व चासी सुधारणा म्हणजे १९६० च्या दशकातील या अमेरिकन मोटारीची वळणावरील पकड वाढवण्यासाठी आणि तिच्या सांगाड्याची लवचिकता कमी करण्यासाठी केले जाणारे यांत्रिक बदल होत. काटेकोर वर्गीकरणात मस्टँगला 'पोनी कार' म्हटले जाते. तथापि मोठे इंजिन बसवलेल्या तिच्या आवृत्त्यांची गणना मसल कारमध्ये होते. यांपैकी अनेक बदलांचा उगम फोर्ड कंपनीचे अभियंते आणि कॅरोल शेल्बी यांच्या कार्यशाळेत झाला.

पार्श्वभूमी

मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी न्यू यॉर्क येथील जागतिक मेळ्यात लोकांसमोर आली. किंमत कमी ठेवण्यासाठी तिचे बरेचसे भाग फोर्ड फाल्कन या साध्या कौटुंबिक मोटारीवरून घेण्यात आले होते. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर १०८ इंच (सुमारे २.७४ मीटर) होते. पुढे प्रत्येक चाकाला वरचा व खालचा असे दोन आर्म असून कॉइल स्प्रिंग वरच्या आर्मवर टेकलेली असे. मागे अखंड अ‍ॅक्सल पाट्यांवर बसवलेला होता. फाल्कनच्या लहान इंजिनांसाठी पुरेशी असलेली ही रचना व्ही-८ इंजिनाचे वजन व शक्ती वाढत गेली तशी अपुरी पडू लागली.

सांगाड्याची रचना व तिची मर्यादा

मस्टँगला स्वतंत्र चासी नाही. पत्र्याची काया हाच तिचा सांगाडा आहे. पुढच्या व मागच्या भागांत पेटीच्या आकाराचे दांडे आहेत. मात्र ते मध्यभागी एकमेकांना जोडलेले नाहीत. दोहोंमधील भार मुख्यतः तळाचा पत्रा आणि दारांखालील उंबरे पेलतात. पुढच्या स्प्रिंगांचा संपूर्ण जोर इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या शॉक टॉवरवर येतो. कालांतराने हे टॉवर आतल्या बाजूला झुकतात किंवा त्यांच्या पत्र्याला तडे जातात.

सांगाडा पिळवटत असेल तर तो स्वतःच एका अनियंत्रित स्प्रिंगसारखा वागतो. अशा स्थितीत अधिक कडक स्प्रिंग किंवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवूनही अपेक्षित परिणाम मिळत नाही. उलट वाढलेला ताण दुर्बळ सांध्यांवर येतो. म्हणून प्रथम सांगाडा मजबूत करणे व त्यानंतर सस्पेन्शन बदलणे हा क्रम योग्य मानला जातो.

सांगाडा मजबूत करण्याच्या पद्धती

* एक्सपोर्ट ब्रेस: दोन्ही शॉक टॉवरना फायरवॉलशी जोडणारा एकसंध पत्र्याचा आधार. खराब रस्त्यांच्या देशांत निर्यात होणाऱ्या मोटारींसाठी फोर्डने तो तयार केला होता. नेहमीच्या मोटारीत त्याऐवजी दोन सुटे व हलके आधार असत.
* मॉन्टे कार्लो बार: दोन्ही शॉक टॉवरमध्ये आडवा बसणारा दांडा. जुन्या मोटारीत तो सहज बसला नाही, तर टॉवर आत झुकल्याचे ते लक्षण असते.
* सबफ्रेम कनेक्टर: पुढचे व मागचे दांडे जोडणाऱ्या पोलादी नळ्या. त्या वेल्डिंगने जोडताना मोटारीचे वजन चाकांवर असावे लागते. मोटार जॅकवर वाकलेल्या स्थितीत असताना जोड दिल्यास तोच वाक कायम होतो आणि दारे नीट लागत नाहीत.
* टॉर्क बॉक्स: पुढचे दांडे व उंबरे यांना जोडणाऱ्या पेट्या. छत नसलेल्या कन्व्हर्टिबल आवृत्तीत छताअभावी येणारी उणीव भरून काढण्यासाठी कारखान्यातच अधिक मजबुती दिलेली असे.

गंजलेल्या पत्र्यावर केलेले वेल्डिंग टिकत नाही. त्यामुळे उंबरे, तळ व दांडे यांची तपासणी आणि दुरुस्ती आधी करावी लागते.

पुढचे सस्पेन्शन

मूळ रचनेत मोटार वळणावर कलली की बाहेरच्या चाकाचा माथा बाहेर झुकतो आणि टायरची रस्त्याशी पकड कमी होते. फोर्डचे अभियंता क्लाउस आर्निंग यांनी यावर उपाय सुचवला. वरच्या आर्मचा आतला टेकू सुमारे १ इंच (२५ मिमी) खाली घेतल्यास चाक वर जाताना त्याचा माथा आत झुकतो व टायर रस्त्याला अधिक सपाट टेकतो. शेल्बी यांनी हा बदल वापरल्यामुळे तो 'शेल्बी ड्रॉप' या नावाने प्रसिद्ध झाला. त्यासाठी शॉक टॉवरमध्ये नवी छिद्रे पाडावी लागतात. आर्म खाली आल्याने बॉल जॉइंटचा कोन वाढतो व तो अडकू शकतो, म्हणून काही वेळा पाचरीच्या आकाराची पट्टी बसवून हा कोन सुधारला जातो.

मागचे सस्पेन्शन

जोरात वेग घेताना अ‍ॅक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो, पाटे इंग्रजी 'एस' अक्षरासारखे वाकतात आणि चाके रस्त्यावर उड्या घेऊ लागतात. हे टाळण्यासाठी ट्रॅक्शन बार लावतात. १९६८ मधील ४२८ कोब्रा जेट इंजिनाच्या चार गिअरच्या मोटारींत फोर्डने एक शॉक अ‍ॅब्सॉर्बर अ‍ॅक्सलच्या पुढे व दुसरा मागे बसवला. १९६७ च्या शेव्हरोले कॅमॅरोतही, बहुतांश आवृत्त्यांत एकाच पानाचा पाटा असल्याने, हाच दोष आढळत असे.

शेल्बी जी. टी. ३५०

१९६५ च्या जी. टी. ३५० मध्ये यांतील अनेक बदल एकत्र आले. खाली घेतलेले वरचे आर्म, १ इंच जाडीचा अँटी-रोल बार, कोनी शॉक अ‍ॅब्सॉर्बर, एक्सपोर्ट ब्रेस, मॉन्टे कार्लो बार, ट्रॅक्शन बार आणि पुढे डिस्क ब्रेक ही तिची वैशिष्ट्ये होत. २८९ घनइंची इंजिनाची शक्ती २७१ वरून ३०६ अश्वशक्तीपर्यंत नेण्यात आली. या मोटारीने १९६५ मध्ये अमेरिकेतील एस. सी. सी. ए. संस्थेचे बी-प्रॉडक्शन वर्गाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. १९६६ च्या उत्पादनात पुढे खर्च वाचवण्यासाठी आर्म खाली घेण्याचे काम वगळण्यात आले.

सुरक्षितता व मौलिकता

मूळ मोटारीची चाकजुळणी त्या काळच्या बायस-प्लाय टायरसाठी होती. रेडियल टायर वापरताना ती बदलावी लागते. वळणावरील वेग वाढला की ब्रेक व स्टेअरिंगवरील भारही वाढतो. मूळ ड्रम ब्रेक तसेच ठेवून केवळ सस्पेन्शन सुधारणे धोक्याचे ठरू शकते. दुसरीकडे, छिद्रे पाडणे व वेल्डिंग करणे हे बदल सहज उलटवता येत नाहीत आणि दुर्मीळ आवृत्त्यांचे ऐतिहासिक मूल्य त्यामुळे घटते. अशा मोटारींत बोल्टने बसणारे व काढता येणारे भाग पसंत केले जातात, तर सर्वसाधारण मोटारींत वेल्डिंगने केलेली कायमची मजबुती अधिक उपयुक्त ठरते.