कायद्याच्या उच्च शिक्षणाचा खर्च आणि त्यामागच्या अटी

मराठी मुलखात कायद्याची पदवी दीर्घकाळ दुसरी पदवी म्हणूनच घेतली जाई, आधी बी.ए. आणि मग एलएल.बी., हा रुळलेला क्रम होता. मुंबईच्या सरकारी विधि महाविद्यालयाचे (स्थापना 1855) वर्ग बहुतेक काळ कचेरीच्या वेळेबाहेर भरत असल्यामुळे शाळामास्तर किंवा कारकून नोकरी सांभाळून वकील होऊ शके, आणि त्याचा पगार हीच त्याची शिष्यवृत्ती ठरे. बॅरिस्टरीचे गणित मात्र वेगळे होते. त्यासाठी लंडनच्या एखाद्या ‘इन’मध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थेत, नाव नोंदवून ‘टर्म’ भराव्या लागत. टर्म भरणे याचा अर्थ प्रत्येक सत्रात ठरावीक वेळा तेथील भोजनाला हजेरी लावणे. परीक्षेची तयारी कितीही पक्की असली तरी लंडनमधला मुक्काम टळत नसे, आणि खरा खर्च त्या मुक्कामाचाच असे.

असा पैसा देणारे थोडे होते, आणि बिनशर्त देणारे त्याहून थोडे. नाशिकला जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी गुणांनी विलायतेच्या सरकारी शिष्यवृत्तीस पात्र ठरल्या, पण ती स्त्रीला देता येत नाही म्हणून नाकारली गेली; तेव्हा इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी जमवली, त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. 1892 मध्ये त्या ऑक्सफर्डची बी.सी.एल. ही कायद्याची उच्च परीक्षा उतरल्या, तरी पदवी हाती येण्यास आणखी तीस वर्षे गेली. लंडनवासी राष्ट्रवादी श्यामजी कृष्णवर्मा यांच्या शिष्यवृत्त्यांची अट वेगळ्याच स्वरूपाची होती: घेणाऱ्याने इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही. याच योजनेतील, सरदारसिंह राणा यांनी दिलेली शिवाजी शिष्यवृत्ती टिळकांच्या शिफारशीने विनायक दामोदर सावरकरांना मिळाली व ते 1906 मध्ये ग्रेज इनमध्ये दाखल झाले. परीक्षा पुऱ्या होऊनही 1909 मध्ये त्यांना बॅरिस्टरी नाकारण्यात आली.

बडोदे संस्थानची अट श्यामजींच्या अटीच्या उलट, नोकरी करण्याची होती. सयाजीराव गायकवाडांनी 1913 मध्ये भीमराव आंबेडकरांना अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली, आणि त्याबदली शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याचा करार लिहून घेतला. या कराराला केवळ जाच म्हणणे अन्यायाचे होईल, कारण ज्या विद्यार्थ्याजवळ तारण ठेवायला काहीच नव्हते त्याची भावी चाकरीच येथे तारण मानली गेली. आंबेडकर 1916 मध्ये लंडनला जाऊन ग्रेज इन व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या दोन्ही ठिकाणी दाखल झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि 1917 मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. बडोद्यात अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना, त्यामुळे करारातली चाकरीही चालली नाही. पुढे सिडनॅम कॉलेजातील प्राध्यापकीची शिल्लक, शाहू छत्रपतींचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी स्नेह्याचे कर्ज अशी तिहेरी जुळवाजुळव करून ते 1920 मध्ये पुन्हा लंडनला गेले व 1922 मध्ये बॅरिस्टर झाले. मुंबईत वकिलीची सनद काढायलाही हाताशी पैसा नव्हता. तेथेही भथेनाच उपयोगी पडले.

स्वातंत्र्यानंतर दात्याची जागा सरकारने घेतली आणि अट आली ती अधिवासाची, म्हणजे अर्जदार कोणत्या राज्याचा रहिवासी आहे याची. उदाहरणार्थ, निमाडातील बऱ्हाणपूरजवळचे शाहपूर हे तापीच्या खोऱ्यातील, जळगाव जिल्ह्याच्या शेजारचे आणि मराठी कानावर पडणारे गाव. पण 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि निमाड मध्य प्रदेशातच राहिला. परिणामी महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, जी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठी मिळते, जळगाव जिल्ह्यातील रावेरच्या विद्यार्थ्याला खुली असते, तर काही कोसांवरच्या शाहपूरच्या विद्यार्थ्याला नाही, मग दोघांची बोली व जात एकच का असेना. एलएल.एम.साठी परदेशी जाऊ पाहणाऱ्या या दुसऱ्या विद्यार्थ्याला भोपाळच्या योजनांकडे वळावे लागते, किंवा 1954-55 पासून चालत आलेल्या केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीकडे, जिथे राज्याची सीमा आड येत नाही.