होकाराचे मोल

नव्या औषधाची चाचणी घ्यायची असते, तेव्हा रुग्णापुढे एक छापील कागद ठेवला जातो. त्याला संमतिपत्र म्हणतात. बहुतेक वेळा तो अर्धवट वाचून, 'डॉक्टरसाहेब सांगतात म्हणजे बरोबरच असणार' अशा भाबड्या विश्वासाने त्यावर सही केली जाते. परंतु या साध्या कागदामागे सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास उभा आहे. ज्यांना कुणी काही विचारलेच नाही, अशा माणसांच्या वेदनेने त्याची बरीच पाने भरली आहेत.

माणसावर प्रयोग केल्यावाचून वैद्यकशास्त्राला गत्यंतर नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. प्राण्यांना लागू पडलेले औषध माणसाला मानवेलच असे नाही. कुणीतरी पहिला असावाच लागतो. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा वाल्डेमार हाफकीन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगवरील लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचण्यात आली. ज्यांनी लस घेतली, त्यांचा निभाव न घेतलेल्यांपेक्षा चांगला लागला. परळची हाफकीन संस्था आजही त्या कार्याची साक्ष देत उभी आहे. पहिली सुई स्वतःला टोचणाऱ्या या शास्त्रज्ञाविषयी मनात आदरच दाटून येतो. तरीही एक प्रश्न उरतोच: गजांआड असलेल्या माणसाचा होकार कितपत मोकळा असतो?

त्याआधी नॉर्वेतील बर्गेन शहरात हा प्रश्न न्यायालयापर्यंत पोहोचला होता. कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली शोधून काढणारे डॉ. हान्सेन यांनी १८७९ मध्ये एका कुष्ठरुग्ण स्त्रीच्या डोळ्यात, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतील द्रव्य तिची परवानगी न घेता टोचले. रोगाचा दुसरा प्रकार तिच्यात उद्भवतो काय, हे त्यांना पाहायचे होते. १८८० साली न्यायालयाने त्यांना रुग्णालयातील पदावरून दूर केले. आरोपी जगन्मान्य होता आणि फिर्यादी बाजूस एक उपेक्षित महारोगी स्त्री होती, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या निवाड्याचे मोठेपण कळते.

नियम नव्हते म्हणून पुढील अत्याचार घडले, असे मात्र म्हणता येत नाही. संमतीवाचून प्रयोग करू नयेत, असा आदेश प्रशियाच्या सरकारने १९०० सालीच काढला होता. १९३१ मध्ये जर्मन सरकारने आणखी तपशीलवार मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. अवघ्या काही वर्षांनी त्याच देशाच्या छळछावण्यांत कैद्यांना बर्फगार पाण्यात बुडवण्यात आले, मलेरियाचे जंतू टोचण्यात आले, टायफसची बाधा करण्यात आली. दाखाव छावणीतील मलेरियाच्या प्रयोगांत अनेक पोलिश धर्मगुरू भरडले गेले. त्यांतील जिवंत राहिलेल्या एकाने न्यूरेंबर्गच्या न्यायासनापुढे साक्ष दिली.

९ डिसेंबर १९४६ रोजी सुरू झालेल्या त्या खटल्यात तेवीस आरोपी होते व त्यांतील बहुतेक डॉक्टर होते. ऑगस्ट १९४७ मध्ये सोळा जण दोषी ठरले, सातांना फाशीची शिक्षा झाली. निकालपत्रातच दहा कलमांची संहिता घालण्यात आली. तिचे पहिलेच कलम सांगते, की ज्याच्यावर प्रयोग करायचा, त्याची स्वेच्छेने दिलेली संमती अत्यावश्यक आहे. १९६४ साली हेलसिंकी येथे जागतिक वैद्यक संघटनेने त्या पायावर डॉक्टरांसाठी जाहीरनामा तयार केला.

न्यूरेंबर्गचे न्यायाधीश अमेरिकन होते. त्यांच्याच देशात, अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे, त्या वेळी काय चालले होते? १९३२ पासून सरकारी आरोग्य खात्याने सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना निरीक्षणाखाली ठेवले होते. त्यांतील ३९९ जणांना उपदंशाची बाधा होती. त्यांना खरा रोग सांगितलाच नाही. 'तुमचे रक्त बिघडले आहे' एवढेच सांगितले. फुकट तपासणी, जेवण व अंत्यविधीचा खर्च यांचे आमिष दाखवले. उपचार न केल्यास रोग शरीराची कशी नासाडी करतो, एवढेच पाहायचे होते. पुढे पेनिसिलीन हे रामबाण औषध सर्वत्र मिळू लागले, तरी ते त्यांना मिळू दिले नाही. पुष्कळांचा मृत्यू ओढवला, कित्येकांच्या बायकांना लागण झाली. चाळीस वर्षांनी, जुलै १९७२ मध्ये, वृत्तपत्रांनी हे उघडकीस आणल्यावर प्रयोग थांबला. १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली; तेव्हा त्या सहाशेंपैकी मोजकेच हयात होते.

येथे कुणी हुकूमशहा नव्हता, छळछावणी नव्हती. होते ते शिकलेसवरलेले, शिष्ट अधिकारी. 'थोड्यांच्या हानीतून पुष्कळांचे भले होईल,' हा त्यांचा युक्तिवाद. हा युक्तिवाद आपण शुभवर्तमानात वाचला आहे: सर्व लोकांचा नाश होण्यापेक्षा एकाने मरणे हिताचे, असा सल्ला कयफाने दिला होता. तो सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. म्हणूनच तो घातक असतो.

पोप बारावे पायस यांनी सप्टेंबर १९५२ मध्ये डॉक्टरांच्या परिषदेपुढे भाषण करताना याच मुळावर बोट ठेवले. हात किंवा पाय शरीरासाठी असतो, तसा माणूस समाजासाठी असलेला केवळ एक अवयव नव्हे. म्हणून शास्त्राची प्रगती किंवा समाजाचे हित हे कारण पुढे करून त्याचा वाटेल तसा वापर करता येत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. रुग्णाने दिला तेवढाच अधिकार डॉक्टरला असतो आणि स्वतः रुग्णाचाही आपल्या देहावर अमर्याद हक्क नसतो, हेही त्यांनी सांगितले.

टस्कीगीच्या धक्क्यानंतर अमेरिकेत नेमलेल्या आयोगाने १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या बेल्माँट अहवालात तीन तत्त्वे मांडली. पहिले, व्यक्तीचा आदर: माणसाला सर्व काही समजावून सांगावे व त्याचा निर्णय मानावा. दुसरे, कल्याण: अपाय टाळावा आणि पत्करलेल्या धोक्याच्या मानाने लाभ मोठा असावा. तिसरे, न्याय: धोका गरिबांनी सोसायचा आणि औषध श्रीमंतांनी घ्यायचे, असे होऊ नये.

आपल्या देशात या तत्त्वांची कसोटी लागली ती २००९ साली. आंध्र प्रदेश व गुजरातमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस हजारो मुलींना देण्यात आली. त्यांत आदिवासी मुली बऱ्याच होत्या. २०१० मध्ये तो प्रकल्प थांबवावा लागला. काही मुलींचे मृत्यू झाले होते. त्यांचा लसीशी संबंध आढळला नाही, असे चौकशीत सांगण्यात आले. लस उपयुक्तच आहे. पण अनेक संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्याचे उघड झाले. औषध चांगले असले, म्हणजे विचारण्याची गरज संपत नाही. २०१९ च्या नियमांनुसार आता औषधचाचणीला नैतिकता समितीची मान्यता लागते, माहिती समजेल अशा भाषेत द्यावी लागते आणि चाचणीमुळे अपाय झाल्यास भरपाई द्यावी लागते.

वाचकहो, संशोधनाला पाठ फिरवावी, असे कुणीही म्हणणार नाही. आपली लेकरे देवी आणि पोलिओपासून वाचली, ती कुणीतरी आपला देह पुढे केला म्हणूनच. असा देह पुढे करणे ही शेजाऱ्यावरील प्रीतीच होय. पण प्रीती मागता येते, हिसकावून घेता येत नाही. म्हणून उद्या असा कागद आपल्यासमोर किंवा आपल्या घरातील निरक्षर आजीसमोर आला, तर निःसंकोचपणे विचारावे: हे उपचार आहेत की प्रयोग? धोका कोणता? मध्येच नको म्हटले, तर माझे नेहमीचे उपचार चालू राहतील ना? ज्याला 'नाही' म्हणण्याची मुभा असते, त्याच्याच 'होय'ला मोल असते.