कागद, काच, पत्रा आणि हवा

पुण्याचा इतिहास म्हटले की आपण शनिवारवाड्यापाशी थांबतो. फार तर फुले, आगरकर, टिळक इथपर्यंत येतो. मी आज सांगणार आहे तो इतिहास तसा अलीकडचा आहे आणि त्यात वाडाही नाही, तलवारही नाही. २००८ साली पुणे महानगरपालिकेने एका सहकारी संस्थेशी करार केला. संस्थेचे नाव 'स्वच्छ'. तिचे सभासद म्हणजे कचराकुंड्या आणि उकिरडे उपसून पोट भरणारी माणसे, आणि त्यांत बहुसंख्य बायका. घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम एवढ्या मोठ्या शहराने कंत्राटदाराला न देता कचरा वेचणाऱ्यांच्याच हाती दिले. आपल्या देशात असे त्याआधी फारसे घडलेले नव्हते.

ही गोष्ट सुरू होते त्याच्या बरीच आधी. १९९० च्या सुमाराला एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांचा या बायकांशी संबंध आला. अक्षरे शिकवायला गेलेल्यांना त्या बायकांकडूनच एक साधी गोष्ट शिकायला मिळाली. कचरा कुंडीत पडण्याआधी, घरातच वेगळा करून मिळाला तर हात चिघळणार नाहीत, कुत्री मागे लागणार नाहीत आणि चोर म्हणून कोणी हटकणार नाही. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. हमालांची पंचायत बाबांनी आधीच उभी केली होती. तोच वारसा इथे कामी आला.

मी कविता लिहितो, म्हणून या नावापाशी मी जरा रेंगाळतो. कागद, काच, कष्टकरी. मधे 'पत्रा' खणखणतो. नाव कोणी छंदात बांधले नसेल, पण ते जिभेवर बसते खरे. 'रद्दी' हा शब्द अरबीतल्या 'रद्द'वरून आला. रद्द म्हणजे नाकारलेले, परत पाठवलेले. भवानी पेठेतल्या भंगाराच्या गल्ल्यांत मी लहानपणापासून पाहत आलो आहे की तिथे रद्द असे काही नसतेच, प्रत्येक वस्तूला दर असतो. (माझ्या फसलेल्या कवितांनाही तिथे किलोवर भाव मिळालेला आहे, आणि तो काही संपादकांनी दिलेल्या मानधनापेक्षा फार कमी नव्हता.) रद्द होती ती फक्त वेचणारी बाई. 'कचरेवाली' म्हणून हाक मारली जाणाऱ्या त्या बाईच्या हाती पंचायतीने महापालिकेची मान्यता असलेले ओळखपत्र दिले. नव्वदच्या दशकातली ही घटना मला करारापेक्षाही मोठी वाटते. ओळखपत्र असलेल्या बाईला पोलीस एकदम 'ए' म्हणू शकत नाही.

२००० साली केंद्र सरकारने घनकचऱ्याचे नियम केले. शहरांनी दारोदार जाऊन कचरा उचलावा, असे त्यांत आले. नियम चांगलाच होता, पण त्यात एक धोका दडलेला होता. कचरा दारातूनच गाडीत गेला, तर कुंडीवर जगणाऱ्या बाईने काय वेचायचे? पंचायतीने त्यावर असा मार्ग काढला की दारात जाणारी व्यक्ती हीच बाई असावी. २००५ पासून प्रयोग झाले, २००७ मध्ये 'स्वच्छ' स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी करारावर सह्या झाल्या. नागरिकांनी दरमहा थोडे शुल्क थेट तिच्या हातात द्यायचे. सुका कचरा विकून येणारे पैसे तिचे. महापालिकेने ढकलगाड्या, हातमोजे, कचरा निवडायला जागा आणि संस्थेच्या कारभाराचा खर्च द्यायचा. पगार कुठेच नाही. म्हणून पालिकेला हे काम स्वस्त पडले, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही.

आता हवेकडे येतो. त्या काळात सगळी चर्चा स्वच्छतेची आणि पोटाची होती. हरितगृह वायू हा शब्द शाळेच्या पुस्तकातला होता. पण भाजीची देठे, उरलेला भात, सालपटे ढिगाखाली दाबली गेली आणि त्यांना हवा मिळाली नाही की ती कुजताना मिथेन सोडतात. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीसपट उष्णता धरून ठेवतो, आणि वीस वर्षांचाच धरला तर ऐंशीपटीच्या आसपास. ओला कचरा निराळा काढून त्याचे खत केले, तर यातला बराचसा मिथेन जन्मालाच येत नाही. सुक्याची गोष्ट वेगळी. जुना अॅल्युमिनियमचा डबा वितळवून नवा करायला लागणारी ऊर्जा खनिजापासून धातू काढण्याच्या मानाने जेमतेम पाच टक्के असते. म्हणजे ती बाई पत्रा पोत्यात टाकते, तेव्हा कुठल्या तरी वीजकेंद्रात तेवढा कोळसा वाचतो. तिला हे कोणी सांगितलेले नसते. तिला दर माहीत असतो.

न निवडलेला कचरा कुठे जातो, तेही पुणेकरांनी विसरू नये. आधी तो कोथरूडला जात होता. तिथे आज मेट्रोचा डेपो आहे. मग तो उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जाऊ लागला. तिथल्या विहिरींचे पाणी बिघडले, वास घरात शिरला. २०१७ च्या एप्रिलमध्ये उरुळीच्या डेपोला आग लागली, तेव्हा गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि तीन आठवड्यांहून जास्त दिवस पुण्याचा कचरा पुण्यातच राहिला. शहराला आपला वास तेव्हा पहिल्यांदा आला.

यावर अनेकांचा आवडता उपाय म्हणजे कचरा जाळून वीज करणे. ऐकायला तो झकास वाटतो. पण आपला कचरा ओला. तो नीट जळायचा तर त्यात कागद आणि प्लॅस्टिक हवे, म्हणजे नेमके तेच, ज्यावर वेचणारीची भाकरी आहे. भट्टीचे आणि बाईचे भांडण इथे आहे. २००९ साली कोपनहेगनला हवामान परिषद भरली, तेव्हा जगभरातल्या कचरावेचकांचे प्रतिनिधी तिथे गेले होते आणि मुंबईतल्या एक कचरावेचक बाईही त्यांत होत्या. त्यांचे म्हणणे असे की हवा वाचवण्याच्या नावाने जो पैसा भट्ट्यांना आणि डेपोतला वायू काढणाऱ्यांना दिला जातो, तो मुळात वायू होऊच न देणाऱ्यांना का नाही? यावरचे उत्तर मी अजून ऐकलेले नाही.

पुण्यातला करार पाच वर्षांचा होता. तो संपला, मग तात्पुरती सोय झाली, २०१६ मध्ये नवा करार आला आणि २०२० च्या डिसेंबरात तोही संपला. त्याच वर्षी टाळेबंदीत सारे शहर दारे लावून बसले होते, तेव्हा या बायका दारोदार फिरत होत्या. करार संपताच काम ठेकेदारांना द्यावे, असे सूर निघाले. मग मुदतवाढी, मग निवेदने. ढकलगाड्या घेऊन बायका रस्त्यावर आल्या. बारा वर्षे ज्या गल्लीतला ओला-सुका कचरा तिने निराळा केला, तीच गल्ली पुढच्या महिन्यातही आपली असेल का, हे तिला त्या दिवसांत कोणी सांगू शकत नव्हते.